पाण्याखालचा शेजार : हॅवलॉक-नीलच्या प्रवाळांत

सोमवार, पोर्ट ब्लेअर

पोर्ट ब्लेअरला उतरलेल्या मराठी माणसाचा पहिला दिवस ठरलेला असतो. दुपारी सेल्युलर जेल, सावरकरांच्या कोठडीसमोर थोडा वेळ, संध्याकाळी लाइट अँड साउंड शो. आम्हीही तेच केलं. २०२४ मध्ये शहराचं नाव श्री विजयपुरम झालं, पण रिक्षावाले, फेरीच्या तिकीट खिडकीवरचे लोक आणि आम्ही, सगळ्यांच्या तोंडी अजून पोर्ट ब्लेअरच आहे.

या खेपेला खरं काम मात्र समुद्रात होतं. सोबत भाची. ती सागरी जीवशास्त्र शिकलेली, तारकर्लीला स्कूबा शिकलेली. तिच्या नादाने मीही शिकले. निघतानाच तिने अट घातली होती : "मावशी, या वेळी शार्क, कासव, मोठं काही शोधत फिरायचं नाही. जिथे दोन वेगळे जीव एकत्र राहताना दिसतील, तिथे थांबायचं. हवा संपत आली की वर यायचं." मला ते पटलं. बहुतेक डायव्हमध्ये आपण रीफवरून, म्हणजे पोवळ्यांच्या खडकांवरून, नुसते वाहत जातो. रंग दिसतात, व्यवहार दिसत नाहीत.

मंगळवार, हॅवलॉक

सकाळची फेरी दोनेक तासांत हॅवलॉकला लागली. कागदोपत्री २०१८ पासून हे स्वराजद्वीप. इथल्या किनाऱ्यांना नंबर आहेत : बाजार तीन नंबरला, आमचं राहणं पाच नंबरला, प्रसिद्ध राधानगर सात नंबर. वस्ती मुख्यतः पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांची, त्यामुळे माशाचं कालवण मोहरीच्या तेलातलं. कोकणी जिभेला पहिले दोन घास जड जातात, मग गोडी लागते.

दुपारी निमो रीफ. नवशिक्यांना पहिला डायव्ह बहुधा इथेच देतात, कारण किनाऱ्यावरून चालतच पाण्यात शिरता येतं. आमच्या दृष्टीने ही जागा वेगळ्या कारणाने मोलाची : उथळ पाण्यात समुद्रफुलं भरपूर. समुद्रफूल म्हणजे सी ॲनिमोन. दिसतं फूल, पण आहे मांसाहारी प्राणी. त्याच्या प्रत्येक बोंडात, म्हणजे बोटासारख्या लवचीक शुंडकात, हजारो सूक्ष्म डंख असतात, आणि चुकून टेकलेला लहान मासा तिथेच लुळा पडतो. त्याच बोंडांत क्लाउनफिश अंग घुसळत राहतो.

पाचेक मीटरवर जांभळ्या बुडाचं एक मोठं समुद्रफूल सापडलं. त्यात नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचं कुटुंब : एक मोठी, एक मध्यम, बाकी चिल्लीपिल्ली. आम्ही हातभर अंतरावर वाळूत गुडघे टेकले. मोठी होती ती मादी. ती सरळ माझ्या मास्ककडे आली, काचेला तोंड आपटून मागे गेली आणि पुन्हा आली. बोटाएवढा जीव, पण माघार नाही. मध्यम आकाराचा नर मात्र जागचा हलत नव्हता. समुद्रफुलाच्या बुडाशी खडकावर अंड्यांचा नारिंगी थर होता, आणि तो त्याच्यावर परांनी पाणी मारत होता. मधूनच एखादं अंडं तोंडाने चाचपत होता. काही अंड्यांत चंदेरी ठिपके दिसत होते. ते पिल्लांचे डोळे. म्हणजे फुटायला फार अवकाश नव्हता. ही अंडी अंधार पडल्यावर फुटतात आणि पिल्लं प्रवाहाबरोबर दूर जातात.

डंख या माशाला बाधत नाही, कारण त्याच्या अंगावरचा चिकट स्राव वेगळा असतो, आणि समुद्रफूल त्याला भक्ष्य धरत नाही. माशाचा फायदा उघड आहे : या बोंडांत शिरून त्याला धरायची कोणाची हिंमत नाही. समुद्रफुलाचा फायदा लक्षात यायला मला वेळ लागला. आम्ही बघत असतानाच एक फुलपाखरू मासा वळून आला. हे मासे समुद्रफुलांचे लचके तोडतात. मादीने त्याला पार पलीकडच्या खडकापर्यंत पिटाळलं. त्याशिवाय माशांच्या शरीरातून बाहेर पडणारा अमोनिया समुद्रफुलाला खत म्हणून मिळतो, आणि रात्रभर बोंडांत चालणाऱ्या माशांच्या हालचालीने त्याच्याभोवतीचं पाणी खेळतं राहतं.

या कुटुंबात जन्मणारा प्रत्येक मासा नर असतो. सगळ्यात मोठा वाढतो तो मादी होतो. ती मेली तर तिचा जोडीदार नर स्वतः मादी बनतो, आणि पिल्लांतला सगळ्यात मोठा त्याच्या जागी येतो. घर सोडून नवी मादी शोधायला जायचं म्हणजे मृत्यूच, म्हणून घरातल्या घरात ही सोय. संध्याकाळी चहा घेताना भाची म्हणाली, "मावशी, हे घर त्यांनी सोडलंच नाही तर काय करतील, एवढाच प्रश्न त्यांच्या सगळ्या शरीराने सोडवलाय." मला ते वाक्य फार आवडलं.

बुधवार, लाइटहाउस

सकाळी सहाला डुंगी. डुंगी म्हणजे इथली लाकडी, लांबट इंजिनबोट. आमचा बोटवाला कॅरन समाजाचा, उत्तरेकडच्या मायाबंदरचा. १९२५ मध्ये ब्रिटिशांनी कॅरन कुटुंबं बर्मातून इथे आणून वसवली, आणि त्यांचं समुद्राचं ज्ञान डोळे दिपवणारं आहे. पाण्याचा रंग बघून तो प्रवाहाची दिशा सांगत होता. बोलणं हिंदीत, मोजकं.

लाइटहाउसचा रीफ हळूहळू उतरत जातो आणि पंधरा-सोळा मीटरवर वाळू लागते. तिथे बहुतेक लोक परत फिरतात. आम्ही तिथेच पालथे पडून राहिलो.

पाण्याखाली शांतता असते हा समज पहिल्याच डायव्हमध्ये मोडतो. रीफवर सतत तडतड ऐकू येते. तो आवाज पिस्तूल कोळंब्यांचा. त्यांचा एक चिमटा दुसऱ्यापेक्षा कितीतरी मोठा असतो. तो इतक्या वेगाने मिटतो की पाण्यात बुडबुडा तयार होतो, आणि तो बुडबुडा कोसळताना आवाज होतो. त्या कोसळण्याच्या क्षणी आत सुमारे ४,७०० अंश सेल्सिअस तापमान होतं, हे २००१ मध्ये सिद्ध झालं. एवढ्या बळाचा प्राणी आणि दृष्टी मात्र अधू. वाळूत राहणाऱ्या काही जातींच्या कोळंब्यांनी म्हणूनच डोळस जोडीदार धरलाय.

माझ्यापासून दोन हातांवर रुपयाएवढं बीळ होतं. तोंडाशी फिकट पट्ट्यांचा गोबी मासा, पोट वाळूला टेकवून, डोळे वर. आम्ही आल्याबरोबर तो आत गेला होता. हलायचं नाही, श्वास संथ ठेवायचा, बुडबुडे कमी सोडायचे. बऱ्याच वेळाने आधी डोकं आलं, मग सगळा मासा आपल्या जागी येऊन बसला. मग त्याच्या मागून कोळंबी निघाली, तोंडापुढे वाळूचा ढीग ढकलत. ढीग बाहेर टाकला, वळली, आत गेली, पुन्हा पुढचा ढीग घेऊन आली. दिवसभर तिचं हेच काम, कारण वाळूतलं बीळ सतत ढासळत असतं.

बघण्यासारखी गोष्ट होती ती तिची मिशी. बाहेर असेपर्यंत तिची एक लांब मिशी माशाच्या अंगाला टेकलेली, कधी शेपटीला, कधी कुशीला. क्षणभरही ती सुटत नव्हती. गोबी जागेवर नसेल तर कोळंबी बाहेर येतच नाही. माझ्या डाव्या हाताला भाचीने पायातला पोहण्याचा फिन जरा हलवला, तसा गोबीने शेपटीचा टोकाचा भाग थरथरवला. कोळंबी हातातली वाळू तिथेच टाकून मागे सरकली. गोबी मात्र बाहेरच थांबला, बघत. थोड्या वेळाने भाचीने हात पुढे केला, आणि या वेळी मासाच डोकं खाली घालून आत घुसला. दोघंही गायब. म्हणजे "जरा थांब" आणि "पळ" हे दोन वेगळे निरोप होते, आणि ते दोन वेगळ्या कुळांतल्या, एकमेकांना पाठीच्या कण्याचंही साम्य नसलेल्या जीवांत पोचत होते. मास्कच्या आत माझे डोळे भरून आले. मी हे पुस्तकात वाचलेलं होतं, पण ती टेकलेली मिशी बघणं वेगळं.

गोबीला यातून घर मिळतं. उघड्या वाळूवर त्याला लपायला दुसरी जागा नाही, आणि बीळ त्याला खणता येत नाही. शंभराहून जास्त जातींचे गोबी अशा भागीदारीत राहतात. रात्री दोघंही आत जातात.

वर आल्यावर बोटवाल्याने विचारलं, "दीदी, क्या देखा?" भाचीने सांगितलं. तो हसला नाही, आश्चर्यही दाखवलं नाही. "हाँ, वो दोनों साथ में ही रहते हैं," म्हणाला आणि दोर सोडायला गेला.

गुरुवार, ॲक्वेरियम

ॲक्वेरियम हे इथल्या एका डायव्हच्या जागेचं नाव. आजचा दिवस या सगळ्या प्रवासातला माझा सर्वांत आवडता.

रीफवर काही ठरलेल्या जागा असतात, त्यांना क्लीनिंग स्टेशन म्हणतात. एखादा ठळक खडक, गोल वाढलेलं पोवळं किंवा स्पंजाचा पेला. तिथे क्लीनर रास नावाचा बोटभर लांबीचा मासा राहतो, अंगावर डोक्यापासून शेपटीपर्यंत काळा पट्टा, कडा निळ्या. तो इतर माशांच्या अंगावरचे परजीवी खाऊन जगतो, आणि गिऱ्हाइकं त्याच्या दारी येतात. रविवारी सकाळी सलूनमध्ये नंबर लावून बसलेले लोक आठवावेत, तसे मासे तिथे तरंगत थांबलेले होते : दोन पट्टेरी स्वीटलिप्स, एक पोपटमासा, मागे एक दांडगा गोब्रा.

रासने आधी अंग वरखाली लचकवत नाच केला. ही त्याची दुकान उघडं असल्याची खूण. स्वीटलिप्सने कल्ले पसरले आणि जागच्या जागी तिरका झाला. रास त्याच्या कल्ल्यात शिरला, एका बाजूने जाऊन दुसरीने बाहेर आला. मग गोब्राची पाळी. त्याने जबडा उघडला. हा मासा एका घोटात रासला गिळू शकतो, आणि रास त्याच्या दातांमधून, टाळ्यावरून फिरत होता. गोब्राला तोंड मिटायचं होतं तेव्हा त्याने आधी अर्धवट मिटून पुन्हा उघडलं. रास बाहेर पडला, मग जबडा मिटला. हा इशारा मी दोनदा पाहिला.

ऑस्ट्रेलियाच्या लिझर्ड बेटावर अलेक्झांड्रा ग्रटर यांनी मोजणी केली तेव्हा एक रास दिवसाला सरासरी १,२०० च्या वर परजीवी खातो असं दिसलं. त्याच बेटाभोवती काही छोट्या रीफवरून रास मुद्दाम काढून टाकले गेले आणि साडेआठ वर्षं त्या जागा तशाच ठेवल्या. तिथल्या माशांची संख्या आणि जाती दोन्ही घटल्या. एवढ्याशा माशावर एवढं अवलंबून.

आता जे सांगणार आहे ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. रासला परजीवींपेक्षा गिऱ्हाइकाच्या अंगावरचा चिकट स्राव जास्त आवडतो, आणि तो खाणं म्हणजे गिऱ्हाइकाला चावणं. मोह कायम समोर. आमच्या डोळ्यांदेखत पोपटमासा एकदम अंग झटकून निघून गेला. म्हणजे रासने लबाडी केली होती. रेदुआन बशारी यांनी या माशांवर वर्षानुवर्षं काम केलंय. त्यांच्या आणि ग्रटर यांच्या प्रयोगांतून दिसलं की दुसरं गिऱ्हाईक बघत असेल तर रास प्रामाणिक वागतो. बघणारं गिऱ्हाईकही हिशेब ठेवतं : समोरच्याशी नीट वागला तरच आपण जायचं. ज्याला दुसऱ्या दुकानात जाता येतं अशा फिरत्या माशाला आधी घेतलं जातं, स्थानिकाला ताटकळत ठेवलं जातं. नर-मादी मिळून एकाच गिऱ्हाइकावर काम करताना मादीने चावा घेतला आणि गिऱ्हाईक पळालं, तर नर तिच्या मागे लागून तिला हाकलतो.

सहजीवन म्हटलं की आपल्याला लगेच गोडवा आठवतो, एकमेकां साहाय्य वगैरे. इथे गोडवा नाही. नजर आहे, पत आहे, चुकलं तर गिऱ्हाईक तुटण्याची भीती आहे. आणि तरीही गोब्राच्या उघड्या जबड्यात तो मासा निर्धास्त फिरतो. मला तर त्यामुळे या व्यवहाराचा आदर जास्तच वाटतो. प्रेमाने टिकलेल्या गोष्टीपेक्षा मोह असूनही टिकलेली गोष्ट घडवायला निसर्गाला जास्त काळ लागला असेल.

या विश्वासाचा गैरफायदा घेणाराही आहेच. एका ब्लेनी माशाने रासचा रंग, पट्टा, नाच सगळं उचललंय. जवळ येऊ दिलं की हा पराचा तुकडा तोडून पळतो. त्याचं तोंड खालच्या बाजूला असतं, तेवढीच खूण. आम्हाला तो दिसला नाही, किंवा दिसला आणि ओळखता आला नाही.

आणखी एक. क्लाउनफिशमध्ये मोठा नर मादी होतो, रासमध्ये उलट. एक नर, त्याचा माद्यांचा कळप, आणि नर गेला की सगळ्यात मोठी मादी नर होते. दोन दिवसांच्या अंतराने दोन्ही पाहिल्यावर नर-मादी या बाबतीत आपण किती ठाम बोलतो ते जाणवलं.

हॅवलॉकला जाणाऱ्यांनी गाइडला आधीच सांगावं : एका क्लीनिंग स्टेशनवर थांबायचंय, फेरफटका नको. पटाईत गाइडला जागा माहीत असतात आणि असं मागणारं कोणी भेटलं की त्याचाही चेहरा खुलतो.

शुक्रवार, हॅवलॉक

वारा. डुंगी निघाली नाही. दुपारी राधानगरला जाऊन आलो. सूर्य इथे साडेपाचच्या सुमारासच मावळतो, त्यामुळे दिवस लवकर आटपतो.

संध्याकाळी बोटवाला धक्क्यावर भेटला. २०१० च्या उन्हाळ्याचा विषय त्यानेच काढला. एप्रिल-मेमध्ये पाणी इतकं तापलं होतं की उतरल्यावर अंगाला गारवा लागायचा नाही, आणि खाली सगळी पोवळी पांढरी. "पूरा सफेद, दीदी. पहले सुंदर लगा। फिर समझ में आया." त्याच्या मूळ गावाकडे, उत्तर अंदमानात, २००४ च्या भूकंपाने जमीनच वर उचलली गेली आणि किनाऱ्याची पोवळी पाण्याबाहेर उघडी पडून मेली. तो बोलत होता तेव्हा कोणावर राग नव्हता त्याच्या आवाजात. मला मात्र रात्री बराच वेळ झोप लागली नाही.

शनिवार, नील

नील म्हणजे शहीदद्वीप. छोटं, भाताच्या शेतांचं, सपाट बेट. भरतपूरच्या किनाऱ्यावर भरती असताना स्नॉर्केल केलं. टँक नको, मास्क पुरे.

आतापर्यंत पाहिलेल्या सगळ्या जोड्या ज्याच्या अंगाखांद्यावर राहतात, ते पोवळं स्वतःच एक जोडी आहे. काही मिलिमीटरचा प्राणी, आणि त्याच्या पेशींच्या आत राहणारं एकपेशीय शैवाल. एका चौरस सेंटिमीटरच्या त्वचेत त्यांची संख्या दहा लाखांच्या घरात असते. शैवाल उन्हात साखर बनवतं आणि त्यातला मोठा वाटा, ९० टक्क्यांपर्यंत, यजमानाला देतं. प्राणी त्याला राहायला जागा देतो, कार्बन डायऑक्साइड देतो, आपल्या शरीरातलं नत्र देतो. उष्ण कटिबंधातलं हे निळंशार पाणी निळं दिसतं, कारण त्यात खाण्यासारखं फारसं काही नाही. अशा उपाशी पाण्यात एवढी दाटी नांदते ती या एका देवघेवीवर. चुन्याचा सांगाडा उभारायचं बळही तिथूनच येतं. जगाच्या समुद्रतळाचा एक टक्काही प्रवाळांनी व्यापलेला नाही, आणि सागरी जातींपैकी सुमारे पाव जाती त्यांच्या आश्रयाने राहतात.

कमरेएवढ्या पाण्यात फुलकोबीच्या आकाराचं एक गुलाबी पोवळं होतं, पोसिलोपोरा. भाचीने बोट दाखवलं. फांद्यांच्या आत, सावलीत, दोन नारिंगी खेकडे, नखाएवढे. नर-मादीची जोडी. एका पोवळ्यात बहुधा अशी एकच जोडी राहते आणि आयुष्य तिथेच काढते. माझी सावली पडली तशी मादी पुढे आली आणि चिमटे उघडून फांदीच्या तोंडाशी उभी राहिली. हे खेकडे पोवळ्याचा स्राव आणि त्यातले चरबीचे कण खातात. बदल्यात पोवळ्यावर पडलेला गाळ साफ करतात, आणि काटेरी मुकुटाचा तारामासा पोवळं खायला चढू लागला तर त्याच्या पायांच्या नळ्या चिमट्यात धरून त्याला मागे लोटतात. हा तारामासा त्यांच्यापेक्षा शेकडो पट मोठा. भाची म्हणाली, ज्या पोवळ्यांतले खेकडे काढून घेतले, ती तारामासे आधी खातात असं प्रयोगांत दिसलंय.

आणि मग तो न टळणारा विषय. पाण्याचं तापमान उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमालीपेक्षा फक्त एक अंश वर गेलं आणि काही आठवडे तसंच राहिलं, की शैवालाचं साखर बनवण्याचं यंत्र बिघडतं. त्यातून घातक ऑक्सिजन-संयुगं तयार होतात. जो भागीदार पोसत होता तोच आता जाळू लागतो. पोवळं त्याला बाहेर काढतं. रंग शैवालाचा होता, म्हणून पोवळं पांढरं दिसू लागतं. त्या क्षणी ते मेलेलं नसतं, उपाशी असतं. पाणी लवकर निवलं तर शैवाल परत वाढतं, नाहीतर पोवळं मरतं. १९९८, २०१०, २०१६ ही वर्षं आपल्या बेटांनी अशी सोसली. एप्रिल २०२४ मध्ये जगभरातली चौथी मोठी विरंजन-घटना, म्हणजे पोवळी अशी पांढरी पडण्याची घटना, जाहीर झाली.

निमो रीफवरच्या त्या समुद्रफुलातही असंच शैवाल असतं. म्हणजे तिथे दोघांची नव्हे, तिघांची भागीदारी आहे. फ्रेंच पॉलिनेशियातल्या मोरेआ बेटाजवळ २०१६ च्या उष्ण लाटेत समुद्रफुलं पांढरी पडली, तेव्हा त्यांत राहणाऱ्या क्लाउनफिशची अंडी घालण्याची क्षमता ७३ टक्क्यांनी घटल्याचं संशोधकांनी नोंदवलं. मासे मेले नाहीत. घर आजारी पडलं आणि पाळणा हलायचा थांबला. पोसिलोपोरा मेलं की खेकडेही जातात. रासचा खडक राहील, पण त्याची गिऱ्हाइकं राहतील का?

मास्क काढल्यावर आम्ही दोघी काही वेळ वाळूत बसून होतो. भाचीच्या डाइव्ह कॉम्प्युटरवर पाण्याचं तापमान २९ अंश होतं. मार्चला हे नवं नाही. पुढचे दोन महिने महत्त्वाचे.

रविवार, नील

लक्ष्मणपूरजवळचा नैसर्गिक दगडी पूल बघायला ओहोटीत जातात. वाट प्रवाळाच्या उघड्या पडलेल्या सपाटीवरून आहे. डबक्याडबक्यांत जीव : समुद्रकाकड्या, ठिसूळ तारे (ब्रिटल स्टार नावाचे प्राणी), लहान मासे.

एका डबक्यात जाएंट क्लॅम म्हणजे महाशिंपला होता, खडकात रुतलेला. उघड्या शिंपल्यांमधून दिसणारं निळं-हिरवं मखमली मांस, त्यावर गडद ठिपके. यानेही तेच शैवाल पाळलंय. मांस उन्हात पसरून ठेवायचं आणि आत शेती करायची. कडेला बारीक डोळ्यांची रांग असते, सावली पडली की शिंपला आवळून घेतो. मी उन्हाच्या विरुद्ध बाजूने वाकले, म्हणून तो उघडाच राहिला.

शेजारून एक टोळकं गेलं. त्यांच्यासोबतच्या माणसाने समुद्रकाकडी उचलून हातोहात फिरवली, लोकांनी फोटो काढले. कोणीतरी चपलेने शिंपल्याला टोचलं, मिटतो का बघायला. राग आला आणि मी बोलले. शांतपणे बोलले, मराठीत, कारण टोळकं मराठीच होतं. एक काकू लगेच मागे सरल्या. "आम्हाला दगडच वाटला हो. जिवंत आहे का हा?" भाचीने त्यांना बसवून शैवालाचं सगळं सांगितलं. काकूंनी ऐकलं, मग आपल्या नातवाला हाताला धरून वाळूच्या पट्ट्यावरून नेलं. कोणी नीट सांगितलं तर लोक ऐकतात, हा माझा अनुभव आहे. सांगणारा माणूस त्या वाटेवर रोज हवा.

दुपारच्या फेरीने पोर्ट ब्लेअर.

सोमवार, विमानतळ

इथल्या विमानतळावर सामानात शंख, शिंपले, पोवळी आहेत का ते बघतात. आमच्या पुढच्या माणसाच्या बॅगेतून टॉवेलात गुंडाळलेला पांढरा तुकडा निघाला. फांद्यांचं पोवळं, ॲक्रोपोरा. "किनाऱ्यावर पडलेलं होतं, मेलेलंच होतं," तो परत परत सांगत होता. खरंही असेल. पण रीफ बांधणारी पोवळी २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या बरोबरीने. आणि मेलेलं पोवळंही रिकामं नसतं. मेलेल्या पोवळ्यावर गुलाबी, चुनखडी शैवालाचा पातळ थर चढतो, आणि तरंगत आलेली पोवळ्यांची पिल्लं त्याच थराचा माग काढत बूड टेकतात. अधिकाऱ्याने तुकडा बाजूच्या खोक्यात ठेवला. खोकं निम्मं भरलेलं होतं.

भाचीला पुढच्या हिवाळ्यात लक्षद्वीपला जायचंय. परवानगीचे कागद तिने विमानात बसल्या बसल्याच वाचायला घेतले. तिथली पोवळी २०२४ च्या उन्हाळ्यात मोठ्या प्रमाणावर पांढरी पडली होती. त्यांतली किती सावरली आणि त्यांच्या फांद्यांत खेकडे परतले का, हे तिला स्वतः बघायचंय. मी बरोबर जाणार आहे.